'निर्मनुष्य' या विशेषणाविरुद्ध

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावात एक छायाचित्र-प्रदर्शन भरले होते. विषय होता अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातली तळी आणि पर्वत. छायाचित्रकार मूळचा इथलाच, आमच्याच महाविद्यालयातून शिकून गेलेला आणि आता कॅलिफोर्नियात स्थायिक झालेला. चार उन्हाळे आणि एक हिवाळा त्याने या चित्रांसाठी खर्ची घातला. आम्ही दोघे मराठी शिकवतो. त्यामुळे अशा प्रसंगी मराठीच्या प्राध्यापकांकडे जे काम हमखास येते ते आले: चित्रांखालच्या ओळी 'जरा चांगल्या मराठीत' लिहून देणे. चित्रे उत्तम होती, हे आरंभीच सांगून टाकतो. पुढे जे लिहिणार आहोत त्यात त्याच्या नजरेबद्दल किंवा कसबाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती ओळींबद्दल, आणि त्या ओळींखाली आमची नावे आहेत.

चित्रांसोबत इंग्रजी टिपणे आली होती. त्यांत एकच भाव पुन्हा पुन्हा घोळत होता, आणि त्यासाठी आम्ही मराठीतून निर्मनुष्य, अस्पर्श, अनाघ्रात, आदिम अशी विशेषणे आलटून पालटून पुरवावीत, अशी अपेक्षा होती. तेनाया तळ्याच्या चित्रापाशी आम्ही अडलो. सुमारे आठ हजार फूट उंचीवरचे हे तळे. भोवती हिमनद्यांनी घासून गुळगुळीत केलेले ग्रॅनाइटचे घुमट आणि त्यांचे पाण्यात पडलेले प्रतिबिंब. खाली ओळ हवी होती, 'मानवी स्पर्श न झालेले तळे'. आम्ही लिहून दिले, 'तेनाया तळे. १८५१च्या मे महिन्यात याच्या काठावर तेनाया आणि त्याच्या लोकांना पकडून नेण्यात आले.' उद्घाटनाच्या दिवशी पाहतो तो पहिलीच ओळ छापलेली. 'लोक चित्रे पाहायला येतात सर, इतिहास वाचायला नव्हे,' असे अत्यंत सौजन्याने सांगण्यात आले. शेवटच्या फलकावर 'शब्दांकन' या शब्दापुढे आमची दोघांची नावे मात्र ठळक होती. हा लेख म्हणजे त्या फलकावरच्या नावांचा खुलासा समजावा.

आता तेनायाविषयी. योसेमिटीच्या दरीत जे लोक राहत त्यांना आवानीची म्हणत, कारण दरीचे त्यांच्या भाषेतले नाव आवानी. तेनाया हा त्यांचा नायक. १८४८ नंतर कॅलिफोर्नियात सोन्याचा शोध लागून गोऱ्यांची झुंबड उडाली, चकमकी झाल्या, आणि १८५१मध्ये राज्याच्या आशीर्वादाने उभे राहिलेले मॅरिपोसा पथक मार्च महिन्यात दरीत घुसले. घरे आणि साठवलेले ओक वृक्षाचे बोंडगर (हेच त्यांचे वर्षभराचे अन्न) जाळण्यात आले. मे महिन्यातल्या दुसऱ्या मोहिमेत तेनायाच्या तीन मुलांना पकडले. त्यांतला धाकटा कैदेतून पळू पाहताना गोळी घालून मारला गेला. दरीतल्या तीन सलग सुळक्यांना त्या प्रसंगावरून 'तीन भाऊ' असे नाव पडले आणि ते आजही नकाशावर आहे. आमच्या प्रदर्शनात त्याही सुळक्यांचे चित्र होते. ओळ होती, 'तीन भाऊ: काळाचे मौन'. ही ओळ, कबूल करतो, आम्हीच लिहिली होती. तोवर आम्ही काही वाचलेले नव्हते.

पुढे उरलेल्या लोकांना वरच्या तळ्याकाठी गाठले. पथकासोबत लॅफाएट बनेल नावाचा गृहस्थ होता. त्याने हा सारा वृत्तान्त १८८० साली पुस्तकरूपाने छापला. त्यात तो सांगतो, की त्याने मोठ्या औदार्याने या तळ्याला तेनायाचे नाव देऊ केले, तेव्हा तेनायाने त्याला सांगितले की तळ्याला नाव आधीच आहे: पायविॲक. अर्थ असा की चकाकत्या खडकांचे तळे. हे नाव वाचल्यावर आम्ही प्रदर्शनातले चित्र पुन्हा जाऊन पाहिले. आमच्या मित्राने महागडे भिंग लावून, पहाटेची थंडी सोसून जी एक गोष्ट टिपली होती ती हीच, खडकांची चकाकी. जे टिपायला कॅमेऱ्याला इतके सायास पडले ते ज्यांनी एका शब्दात बांधून ठेवले होते, त्यांच्याच तळ्याला आम्ही मराठीत 'अस्पर्श' म्हटले.

या शब्दांपाशी थोडे थांबावे लागेल, कारण तो आमचा व्यवसाय आहे. 'निर्मनुष्य' हे मराठीत कौतुकाचे विशेषण कधीपासून झाले? आमच्या आज्यांच्या बोलण्यात गाव निर्मनुष्य झाले म्हणजे पटकी आली, धाड पडली, दुष्काळाने माणसे परागंदा झाली किंवा धरणाचे पाणी चढले. निर्मनुष्य वाट म्हणजे जिथून पोरीबाळींनी एकटे जाऊ नये अशी वाट. शब्दाच्या पोटात भीती आणि हानी होती. जुन्या कथांतले अरण्यदेखील रिकामे नसते. तिथे आश्रम असतात, शबर-भिल्ल असतात. आणि 'अस्पर्श'? ज्या भाषेत स्पर्श या एका शब्दाच्या आधारे शतकानुशतके माणसे वेशीबाहेर ठेवली गेली, तिच्यात हे विशेषण गौरवाने लिहिताना लेखणी क्षणभर तरी अडखळायला हवी. आमची अडखळली नाही, पहिल्या सहा चित्रांपर्यंत तरी नाही. पर्यटनखात्याच्या जाहिराती, दिवाळी अंकांतली रंगीत पाने, भिंतीवरची कॅलेंडरे यांनी हा बदल आपल्या कानांवरून इतका अलगद नेला आहे, की ओसाड आणि रमणीय यांतली सीमारेषाच पुसली गेली.

यात छायाचित्रणाचा भाग किती आणि भाषेचा किती, हे वेगळे करून पाहू. योसेमिटीची जगाला भुरळ घालणारी पहिली मोठी चित्रे कार्लटन वॉटकिन्सने १८६१मध्ये काढली. सुमारे १८ बाय २२ इंचांच्या काचा, त्या मावतील असा अजस्र कॅमेरा आणि रसायनांच्या बाटल्या खेचरांच्या पाठीवर लादून तो दरीत गेला. काचेवर ओला लेप द्यायचा, तो वाळायच्या आत चित्र घ्यायचे, आणि लगेच काळोख्या तंबूत ते धुवायचे. काचेवर प्रकाश बराच वेळ पडू द्यावा लागे. त्यामुळे डोंगर उमटे, पण हललेले पाणी दुधाळ होई आणि चालता माणूस धूसर होई किंवा उमटतच नसे. माणूस पुसला जाणे हा तेव्हा यंत्राचा दोष होता. आज तीच गोष्ट मुद्दाम केली जाते. काळसर काच भिंगापुढे लावून मिनिटभर झडप उघडी ठेवायची, म्हणजे गर्दी विरून जाते. किंवा एकाच जागेवरून वीस चित्रे घेऊन संगणकाला सांगायचे, की जे सर्वांत समान आहे तेवढेच ठेव. किंवा सरळ मोबाइलवर बोट फिरवून समोरचे कुटुंब खोडून टाकायचे. आमच्या मित्राने यांपैकी काही केले नव्हते. तो जुन्या वळणाचा आहे. तेनायाच्या काठावर एक कुटुंब डबे उघडून जेवायला बसले होते, ते उठून जाईपर्यंत आपण दीड तास थांबलो, असे त्याने उद्घाटनाच्या भाषणात सांगितले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. तळ्याच्या काठानेच टायोगा मार्ग नावाचा डांबरी रस्ता जातो, आणि त्याच्या पाठीमागे मोटारी उभ्या होत्या, हेही त्यानेच पुढे हसत हसत सांगितले.

त्यात गैर काय, असे कोणीही विचारील. चौकट म्हटली की काही आत येणार, काही बाहेर राहणार. कवितेतही सगळे कुठे येते? हे आम्हाला मान्य आहे. वगळणे हा कलावंताचा हक्क आहे. पण वगळले आणि वर 'इथे वगळण्याजोगे काही नव्हतेच' असेही सांगितले, तर ते कलेच्या हक्कात बसत नाही. तळ्याचे चित्र गप्प असते. खोटे बोलते ती त्याखालची ओळ. म्हणूनच या प्रकरणातला मुख्य आरोपी आम्ही छायाचित्रकाराला मानत नाही.

मात्र स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांना एवढे सहज सोडता येत नाही. निसर्ग-छायाचित्रणाची जी व्याख्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ठरवली आहे आणि जिच्या बरहुकूम आपल्याकडच्या तालुक्याच्या गावीही बक्षिसे वाटली जातात, तिच्यात मानवी अंश चित्रात नसावा असे कलम आहे. अपवाद आहे: मानवाने बदललेल्या परिसराशी जुळवून घेतलेले प्राणी, उदाहरणार्थ कोठारात राहणारे घुबड किंवा घराच्या धुराड्यावर घरटे बांधणारा करकोचा, यांच्या गोष्टीचा तो अंश भाग असेल तर चालेल. म्हणजे घुबडाची गोष्ट सांगण्यापुरता माणसाचा वासा चालतो. तळ्याची गोष्ट सांगायला तळ्याकाठचा माणूस चालत नाही. हा नियम प्राण्यांच्या चित्रांत फसवणूक होऊ नये म्हणून आला असावा, तेवढ्यापुरता तो समजूही शकतो. पण तळी आणि पर्वत त्याच्या कक्षेत आले की तो सौंदर्यदृष्टी बनतो, आणि बक्षिसांच्या मार्गाने एका पिढीची नजर घडवतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या चित्रांनीच ती दरी वाचवली, असे म्हटले जाते. ते बव्हंशी खरे आहे. वॉटकिन्सची चित्रे १८६२मध्ये न्यूयॉर्कला मांडली गेली, आणि ३० जून १८६४ रोजी, यादवी युद्ध चालू असताना, लिंकनने दरी सार्वजनिक उपयोगासाठी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. १८९०मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. ज्यांनी ती दरी कधी पाहिली नव्हती त्यांना ती दाखवण्यात या चित्रांचा वाटा मोठा. (याच उद्यानातली हेच हेची ही दुसरी दरी १९१३च्या कायद्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्यासाठी दिली गेली आणि १९२३मध्ये धरण पुरे होऊन बुडाली. तिच्या जलाशयाचीही आता 'रमणीय तळे' म्हणून चित्रे निघतात.) तेव्हा वाचवले हे खरे, फक्त कोणासाठी, हे विचारायचे राहून गेले. ज्या कुरणांमुळे दरी वॉटकिन्सला उद्यानासारखी मोकळी दिसली, ती कुरणे आवानीची लोक ठराविक काळाने आग लावून मोकळी ठेवत. काळ्या ओकांना ऊन मिळावे आणि बोंडे भरपूर धरावीत हा त्यामागचा हिशेब. ती आग बंद झाली, आणि देवदार-सूचिपर्णी झाडे दाटत गेली. अखेर २०११मध्ये उद्यानाच्या व्यवस्थापनाला देखाव्याची ठिकाणे मोकळी ठेवण्यासाठी झाडे तोडण्याची योजनाच आखावी लागली. आरसा तळे गाळाने भरू नये म्हणून १९७१पर्यंत त्याचा गाळ उपसत होते. ज्याला आपण हात न लागलेले म्हणतो त्याच्यावर आधी एका लोकांचा हात होता, नंतर दुसऱ्यांचा. पहिल्यांचा पुसला गेला, दुसऱ्यांचा दिसू नये अशी काळजी घेतली गेली.

आणि पहिले लोक एका दिवसात नाहीसेही झाले नव्हते. कितीतरी जण परत आले, हॉटेलांत आणि रस्त्यांवर राबले, टोपल्या विणून विकू लागले. १९१६पासून १९२९पर्यंत उद्यानात 'इंडियन फील्ड डेज' नावाचा उत्सव भरे. त्यात त्यांनी दूरच्या मैदानी जमातींसारखे पिसांचे मुकुट घालावेत आणि त्यांच्यासारखे तंबू उभारावेत अशी अपेक्षा असे, उत्तम पोषाखाला बक्षीस असे. कारण पर्यटकाच्या कॅमेऱ्याला जो 'इंडियन' ओळखीचा होता तो तसाच दिसायचा. तळ्याच्या चित्रात नको, आणि माणसाच्या चित्रात हवा तर दुसऱ्याच्या कपड्यांत. पुढे त्यांच्यासाठी बांधलेल्या वस्तीतली घरे, रहिवासी बाहेर पडतील तशी पाडण्यात आली. उरलेली १९६९मध्ये आग विझवण्याच्या सरावात जाळली. १८५१ची आग आणि १९६९ची आग यांच्यामधल्या काळात कितीतरी थोर छायाचित्रे निघाली.

त्यांपैकी सर्वांत थोर ॲन्सेल ॲडम्सची. त्याच्याविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल, कारण आमच्या मताला तो सहज पचत नाही. १९१६मध्ये चौदाव्या वर्षी साधा डबा-कॅमेरा घेऊन तो योसेमिटीत गेला आणि जन्मभर तिथे जात राहिला. १९२७मध्ये हाफ डोमच्या कड्याचे चित्र घेताना त्याने शेवटच्या काचेसाठी गडद लाल गाळणी वापरली आणि आकाश जवळपास काळे केले. आकाश तसे नव्हते, आपल्याला ते तसे जाणवले, हे त्याने कधी लपवले नाही. हा प्रामाणिकपणा आम्हाला फार मोलाचा वाटतो. पुढे १९४४मध्ये त्याने सिएरा नेवाडातल्या माउंट विल्यमसनचे जगप्रसिद्ध चित्र काढले: समोर पसरलेल्या शिळा, मागे ढगांतून उतरणारा प्रकाश, माणूस एकही नाही. चित्राच्या नावातच जागा सांगितली आहे, मॅन्झनार. ही दुसऱ्या महायुद्धातली छावणी. सुमारे दहा हजार जपानी वंशाचे लोक, बहुतेक अमेरिकेचेच नागरिक, तिथे काटेरी तारेआड डांबले होते. चौकट सव्वा अंशाने फिरवली असती तर काय दिसले असते असा प्रश्न आम्ही विचारणारच होतो. पण उत्तर ॲडम्सनेच देऊन ठेवले आहे. त्याच वर्षी त्याने छावणीतल्या माणसांच्या चित्रांचे पुस्तक काढले, नावानिशी, चेहऱ्यानिशी. त्या पुस्तकात पर्वत छावणीच्या छपरांमागे उभे आहेत. तेव्हा एकाच माणसाला दोन्ही गोष्टी जमत होत्या. कॅलेंडरांनी त्यांपैकी कोणती उचलली, ते सांगायला नको.

इथवर वाचून कोणी म्हणेल, हे अमेरिकेचे उणेदुणे आम्हाला कशाला? आमच्या स्टाफरूममध्ये नेमके हेच म्हटले गेले. त्यावर उत्तर देण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान ताडोबा, स्थापना १९५५. उद्यानाच्या मध्यभागी तळे, आणि तळ्याला नाव मिळाले आहे ते एका माणसावरून. तारू हा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि त्याचाच देव झाला, अशी तिथली परंपरा आहे; गोंडांचे ते ठाणे तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली आहे, पौषात तिथे यात्रा भरत असे. आता ते गाभा क्षेत्र आहे, तिथे पाऊल टाकायचे तर वनखात्याची परवानगी लागते. नवेगाव, जामणी ही गावे गेल्या पंधरा-वीस वर्षांत बाहेर नेली गेली. जंगलातल्या गावाला रस्ता, शाळा, दवाखाना हवा असतो, वाघालाही जागा हवी असते. हा गुंता आम्हाला कळतो, आणि तेनायाच्या हकालपट्टीशी त्याची सरसकट बरोबरी आम्ही करत नाही. २००६चा वनहक्क कायदा राष्ट्रीय उद्यानांतलेही हक्क मान्य करतो, निदान कागदावर. पण ताडोबाच्या तळ्याचे चित्र पाहा. पाणी, धुके, काठावर वाघीण. खाली 'निर्मनुष्य वनराईतील सम्राज्ञी'. टेनेसीहून आलेल्या पाहुण्याने नव्हे, आपल्याच माणसाने लिहिलेली ओळ. तळ्याच्या नावातच बसलेला माणूस तिला दिसला नाही.

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधचे उदाहरण तर याहून उघड आहे. १९७५मध्ये तेही राष्ट्रीय उद्यान झाले. डोंगरांच्या कोंदणातले ते विस्तीर्ण पाणी अठराव्या शतकात कोहळी समाजातल्या कोलू पाटलाने बांध घालून अडवलेले आहे. 'बांध' हा शब्द गावाच्या नावाला चिकटून सारखा ते सांगत असतो. २०२५मध्ये निवर्तलेल्या मारुती चितमपल्लींनी तिथे वनाधिकारी म्हणून वर्षे काढली. त्यांचे लेखन काढून पाहावे. पक्ष्यांची नावे, पाण्याच्या खुणा, झाडांचे गुण त्यांना सांगणारी माणसे त्यांच्या प्रत्येक तळ्याकाठी बसलेली आहेत, आणि त्यामुळे पाणी कुठे कमी निळे झालेले नाही. निसर्गावर मराठीत ज्यांनी सर्वांत जास्त लिहिले त्यांना 'निर्मनुष्य' या शब्दाची एवढी गरज पडली नाही. ती आम्हा शब्दांकनवाल्यांना पडते.

योसेमिटीत तरी काही हालले आहे. २०१८मध्ये उद्यान-प्रशासनाने दक्षिण सिएरा मीवोक लोकांशी करार केला, आणि पाडलेल्या वस्तीच्या जागीच त्यांचे गाव, त्यांचे गोलघर पुन्हा उभारण्याचे काम सुरू झाले. उद्या कुणी त्या बाजूने कड्याचे चित्र घेईल तेव्हा त्याला एक निर्णय घ्यावा लागेल: छप्पर चौकटीत ठेवायचे, की तीन पावले डावीकडे सरकायचे.

आमच्या मित्राशी या सगळ्यावर बोलणे झाले. तो रागावला नाही, थोडा दुखावला. 'मी तिथे शांततेसाठी जातो सर. माणसे तर आठवडाभर भेटतातच,' असे म्हणाला. त्याची शांतता आम्हाला हिरावून घ्यायची नाही. त्याने दीड तास थांबावे, आणखी थांबावे. फक्त घरी आल्यावर त्या कुटुंबाबद्दल सांगितले तसे तेनायाबद्दलही सांगावे.

पुढच्या महिन्यात हेच प्रदर्शन जिल्ह्याच्या ठिकाणी जाणार आहे, आणि 'मागचेच शब्दांकन थोडे सुधारून द्या' असा निरोप आला आहे. आम्ही बारा ओळी पाठवल्या. विशेषण एकाही ओळीत नाही. 'तीन भाऊ'च्या खाली त्या भावांपैकी धाकटा कसा गेला ते आहे. तळ्याच्या चित्राखाली एवढेच आहे: 'पायविॲक, म्हणजे चकाकत्या खडकांचे तळे. नकाशावरचे नाव तेनाया.' ओळी बदलायच्या असतील तर आमची नावे फलकावरून काढावीत, असे खाली लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.